तप्त एंजिन आणि मिसळलेले द्रव : दोषनिदानाची तर्कपद्धती

रोगाचे लक्षण आणि रोगाचे कारण या दोन भिन्न गोष्टी होत, ही जाणीव भारतीय वैद्यकात फार जुनी आहे. ‘माधवनिदान’ या ग्रंथात रोग ओळखण्याची जी पाच साधने मानलेली आहेत, ती अशी : निदान म्हणजे रोगाचे कारण, पूर्वरूप म्हणजे आगाऊ दिसणारी चिन्हे, रूप म्हणजे प्रकट लक्षणे, उपशय म्हणजे उपचार करून पाहून काढलेला निष्कर्ष, आणि संप्राप्ती म्हणजे विकार कसा उद्भवला व कोणत्या मार्गाने पसरला याचा उलगडा. यंत्राच्या दोषनिदानालाही ही विभागणी लागू पडते.

मोटारीचे एंजिन प्रमाणाबाहेर तापू लागले, अथवा वंगणतेलात पाणी व पाण्यात तेल आढळले, की गॅरेजमध्ये बहुधा उपशयाचाच अवलंब होतो. प्रथम थर्मोस्टॅट बदलून पाहावयाचा; तेवढ्याने भागले नाही तर पाण्याचा पंप; त्यानंतर रेडिएटर; आणि अखेरीस हेड उतरवून गॅस्केट. या पद्धतीत प्रत्येक पायरीस पैसा लागतो, हा तिचा लहान दोष होय. मोठा दोष असा की, प्रयोग चालू असतानाच मूळचा विकार एंजिनाची हानी करीत राहतो. आणि एका विकारातून दुसरा निर्माण झाला की, पहिल्याचा माग लागणे कठीण होऊन बसते. हे टाळावयाचे तर पाचव्या साधनाकडे, म्हणजे संप्राप्तीकडे, वळले पाहिजे. द्रव कोठून निघाला, कोणत्या दाबाने कोणत्या भिंतीतून गेला, कोणत्या वेळी गेला आणि किती गेला, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर पाना हाती घेण्यापूर्वीच दोषाचे स्थान पुष्कळ अंशी निश्चित होते. या प्रश्नांमागील भौतिकी स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. उष्णतेचा हिशेब

पेट्रोल एंजिनात इंधनाच्या ज्वलनाने जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो, एक तृतीयांश निष्कासवायूंबरोबर बाहेर जातो, आणि उरलेल्याचा बहुतांश भाग शीतकाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कूलंटला, वाहून न्यावा लागतो. ज्वलनाच्या क्षणी वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. दट्ट्या व हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असूनही टिकून राहतात, ते केवळ ही उष्णता अखंड काढून घेतली जाते म्हणून.

शीतनव्यवस्थेवर पडणाऱ्या भाराची कल्पना एका साध्या गणिताने येईल. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत घाट चढताना मोटार सुमारे ५०० मीटर उंची गाठते. १,५०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीला एवढे उचलण्यास सुमारे ७,४०० किलोजूल कार्य करावे लागते. वरील प्रमाण गृहीत धरल्यास जवळजवळ तितकीच उष्णता त्याच वेळात शीतकाकडे जाते. ती रेडिएटरने बाहेर टाकलीच नाही आणि पाणी द्रवरूपच राहिले अशी कल्पना केली, तर ७ लिटर पाण्याचे तापमान त्या उष्णतेने सुमारे २५० अंशांनी वाढेल. सपाट रस्त्यावर ज्या रेडिएटरचा दोष वर्षभर ध्यानात येत नाही, तो घाटात दहा मिनिटांत का उघडा पडतो, हे यावरून दिसून येते.

शीतकाचा उत्कलनबिंदू वाढविणे हा या भाराला तोंड देण्याचा एक उपाय होय. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसून ती भारित स्प्रिंगची झडप असते. ती व्यवस्थेत वातावरणदाबाहून सुमारे एक बार अधिक दाब राखते. साधे पाणी अशा दाबाखाली १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे समप्रमाणातील मिश्रण वातावरणदाबास सुमारे १०७ अंशांवर, तर या झाकणाखाली सुमारे १२९ अंशांवर उकळते. याउलट झाकणाची स्प्रिंग सैल झाली वा रबरी कडी चिरली, तर हा सगळा लाभ नाहीसा होतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९५ ते ९६ अंशांवर उकळते. मोटारीचा थर्मोस्टॅट सामान्यतः ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे सदोष झाकणाने डोंगरावर किती थोडी जागा शिल्लक राहते, हे कळून येईल. झाकण हा व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त भाग असून त्याची परीक्षा मात्र बहुधा सर्वांत शेवटी होते.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. ग्लायकॉलचे प्रमाण जितके अधिक तितके एंजिन थंड, अशी समजूत आढळते. वस्तुतः पाण्याची विशिष्ट उष्णता प्रति किलोग्रॅम, प्रति अंश सुमारे ४.२ किलोजूल असते, तर समप्रमाण मिश्रणाची सुमारे ३.५. म्हणजे उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत पाणीच श्रेष्ठ होय. ग्लायकॉल घालावयाचे ते उत्कलनबिंदू वाढावा व गोठणबिंदू उतरावा म्हणून. आणि धातूंचे क्षरण रोखणारी द्रव्ये त्याच्याबरोबर येतात म्हणून. उलटपक्षी निव्वळ पाण्याचाही दोष आहेच. दुष्फेन पाण्यातील क्षारांचा थर एंजिनाच्या आतील भिंतींवर बसतो. या थराची उष्णतावाहकता ओतीव लोखंडाच्या पंचविसाव्या ते पन्नासाव्या हिश्शाइतकीच असते; अर्थात एक मिलिमीटर जाडीचा थर अडीच ते पाच सेंटिमीटर जाडीच्या लोखंडी भिंतीइतका अडथळा करतो.

२. अतितापनाची वेळ

एंजिन तापते, एवढ्या विधानावरून निदान होत नाही. ते केव्हा तापते, हे विचारावयास हवे.

गर्दीत वा सिग्नलपाशी उभे असताना काटा चढतो आणि मोटार मोकळ्या रस्त्याला लागताच उतरतो, असे असल्यास पाण्याचा प्रवाह ठीक असून हवेचा प्रवाह अपुरा आहे, असे समजावे. पंखा, त्याची मोटर, त्याला चालू करणारा स्विच किंवा पंख्याभोवतीचे आवरण यांत दोष शोधावा. याउलट गर्दीत काटा स्थिर राहतो व वेगाने जाताना चढतो, तर हवा भरपूर मिळत असूनही पाणी पुरेशी उष्णता आणून देत नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप, आतून चोंदलेला रेडिएटर किंवा पंपाच्या ओढीने आत दबणारा खालचा रबरी होज यांचा संशय घ्यावा.

तिसरा प्रकार अधिक बोलका आहे. रात्रभर उभे असलेले एंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज हाताला टणक लागतो, पण पाणी अद्याप कोमटच असते. शीतनव्यवस्थेतील दाब हा एरवी उष्णतेने होणाऱ्या प्रसरणातून निर्माण होतो. उष्णता नसताना दाब आला असेल तर तो अन्य ठिकाणाहून आला, आणि एवढ्या त्वरेने दाब पुरविणारे ठिकाण एकच, ते म्हणजे ज्वलनकक्ष. तापमान व दाब यांची ही फारकत पुष्कळदा कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा अधिक निर्णायक ठरते.

तापमापकाच्या काट्यावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. तापमान टिपणारा संवेदक पाण्यात बुडालेला असतो, या गृहीतावर त्याचे वाचन अवलंबून आहे. पाणी बरेच कमी होऊन संवेदक उघडा पडला, तर भोवतालच्या हवेतून वा वाफेतून त्याच्याकडे येणारी उष्णता पाण्याच्या मानाने थोडी असते. परिणामी एंजिन जळण्याच्या बेतात असताना काटा खाली घसरू शकतो. चढलेला काटा एकाएकी उतरला, म्हणजे संकट टळले असे मानणे हे म्हणूनच घातक होय.

३. दाबाची उतरण

पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते, त्याप्रमाणे एंजिनातील द्रव अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातात. चालू एंजिनात ही उतरण पुढीलप्रमाणे असते. सर्वांत वर ज्वलनकक्ष : पेट्रोल एंजिनात तेथील कमाल दाब कित्येक दशके बार असतो, डिझेल एंजिनात १०० बारच्याही पुढे जातो. त्याच्या खाली पंपाने ढकललेल्या वंगणतेलाच्या वाहिन्या. तेथे सामान्यतः २ ते ५ बार. त्याखाली शीतकाचे आवरण; तेथे सुमारे एक ते दीड बार. सर्वांत तळाशी तेल परतीच्या वाटा व तेल साठविणारे चेंबर. तेथील दाब जवळजवळ वातावरणाइतकाच.

एंजिन बंद केले की, ही उतरण बदलते. तेलाचा पंप थांबताच तेलाचा दाब काही क्षणांत शून्यावर येतो. ज्वलनकक्षातील दाबही नाहीसा होतो. परंतु तप्त शीतकाचा दाब मात्र व्यवस्था निवेपर्यंत टिकून राहतो. अर्थात चालू एंजिनात ज्या शीतकाचे स्थान तिसरे, तेच बंद एंजिनात सर्वांत वर येते. द्रवमिश्रणाची बहुतेक कोडी या एका उलटापालटीने सुटतात.

ज्वलनकक्ष व शीतक यांमधील गॅस्केट फुटले असता, एंजिन चालू असताना वायू पाण्यात शिरतो. पाण्यात बुडबुडे येतात व पाणी विस्तारटाकीतून बाहेर फेकले जाते. एंजिन बंद झाल्यावर तेच पाणी उलट सिलिंडरात झिरपते. सकाळी सुरू करताना एंजिन क्षणभर अडखळते, एका सिलिंडराचे ज्वलन चुकते, आणि निष्कासनळीतून दाट पांढरी, ग्लायकॉलचा गोडसर वास असलेली वाफ येते, ती यामुळे. या प्रकारात तेल स्वच्छ राहू शकते. म्हणून तेल स्वच्छ आहे, सबब गॅस्केट शाबूत आहे, हा युक्तिवाद अग्राह्य ठरतो.

दाबाखालील तेलवाहिनी व शीतक यांच्यातील भिंत फुटली, उदाहरणार्थ तेल थंड करणाऱ्या कूलरची, तर एंजिन चालू असताना तेल पाण्यात जाते. विस्तारटाकीत तपकिरी, लोण्यासारखा थर जमतो. चेंबरमधील तेल मात्र आरंभी निर्मळ दिसते. पुढे, बंद एंजिनात शीतक तेलाकडे येऊ लागले, म्हणजे दोन्ही बाजू दूषित होतात. आधी कोणती बाजू बिघडली, हे मोटारीच्या मालकास विचारणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

शीतक व तेल परतीची वाट यांमधील भिंत फुटली, तर शीतक चालू व बंद अशा दोन्ही अवस्थांत तेलात उतरते. तेल पाण्यात जाण्यास दाबच नसतो. येथे चेंबरमधील तेल दुधाळ होते व विस्तारटाकी स्वच्छ राहते. तेल व पाणी यांच्या या दुधाळ मिश्रणास रसायनशास्त्रात पायस म्हणतात. त्याच्या अंगी बेअरिंग व शाफ्ट यांना वेगळे ठेवणारा तेलपापुद्रा टिकविण्याचे सामर्थ्य राहत नाही. शिवाय ग्लायकॉलच्या ऑक्सिडीभवनाने निर्माण होणारी आम्ले बेअरिंगच्या धातूस खातात. तेव्हा ही मोटार ‘गॅरेजपर्यंत हळूहळू’ चालवीत नेणे हितावह नाही. ती ओढूनच न्यावी लागते.

४. द्रवांचा जमाखर्च

दाबाने दिशा कळते; परिमाण कळण्यासाठी वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा आधार घ्यावा लागतो. एका ठिकाणाहून जे गेले ते दुसऱ्या ठिकाणी जमा झाले पाहिजे, नाही तर बाहेर पडले पाहिजे. निदानकर्त्याने प्रत्येक द्रवाची पातळी मोजून हा जमाखर्च मांडावा.

शीतक कमी झाले व तेलाची पातळी वाढली, तर शीतक तेलात गेले असे मानण्यास आधार मिळतो. शीतक कमी झाले पण तेलाची पातळी तीच, तर ते सिलिंडरात जळून गेले, झाकणातून वाफ होऊन गेले किंवा बाहेर गळले. पंपाखाली, होजच्या जोडांवर आणि मोटारीच्या आतील हीटरखाली ओल शोधावी. शीतक कायम असून तेलाची पातळी वाढली, तर पाण्याचा दोष नाहीच; तेलात इंधन मिसळत असले पाहिजे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ मानकांच्या डिझेल मोटारींत काजळीचा गाळणा असतो. तो जाळून स्वच्छ करण्यासाठी जादा इंधन सोडले जाते व त्याचा काही अंश सिलिंडराच्या भिंतीवरून तेलात उतरू शकतो. सतत लहान फेऱ्या करणाऱ्या वाहनात ही वाढ अधिक दिसते. तेल पातळ होणे व त्याला इंधनाचा वास येणे, या दोन खुणा तिला पुष्टी देतात.

मानवी हातून होणारी अदलाबदलही या जमाखर्चात उघड होते. काही मोटारींत एंजिनाचे तेल सोडण्याचे बूच आणि गिअरपेटीचे बूच एकमेकांशेजारी व दिसावयास सारखी असतात. चुकून गिअरपेटीचे तेल सोडले गेले आणि नवे तेल एंजिनात ओतले गेले, तर एंजिनात जवळजवळ दुप्पट तेल भरते आणि गिअरपेटी कोरडी पडते. चेंबरमध्ये वर आलेले तेल फिरणाऱ्या क्रँकशाफ्टने घुसळले जाते व त्यास फेस येतो; फेसात हवा असल्याने वंगण अपुरे पडते व उष्णता वाढते. फेसाळ तेलाचा फिका रंग पाहून पाणी शिरल्याचा निष्कर्ष काढला गेला, तर निर्दोष हेड उतरविले जाते. वस्तुतः तेल मोजण्याची पट्टी एका मिनिटात खरे उत्तर देते : एका ठिकाणी भर, दुसऱ्या ठिकाणी तूट आणि शीतक आहे तितकेच.

जमाखर्चात न बसणारा पुरावा बाजूस ठेवण्याचे धैर्यही असावे लागते. तेल ओतण्याच्या झाकणाखाली आढळणारा पिवळसर पांढरा थर हा असाच एक पुरावा. एक लिटर पेट्रोल जळले की, सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. तिचा अल्पसा अंश दट्ट्याच्या कड्यांवरून खाली उतरतो. एंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद करण्याची सवय असेल, तर ही वाफ झाकणाच्या थंड पृष्ठभागावर थिजते व तेलाशी मिसळून पायस बनते. थर फक्त झाकणाखाली असून पट्टीवरील तेल स्वच्छ आणि शीतकाची पातळी स्थिर असेल, तर तो गॅस्केटचा दोष नव्हे.

५. रंग हा पुरावा नव्हे

द्रव ओळखण्यासाठी सर्रास रंगाचा आधार घेतला जातो. परंतु शीतकाचा रंग हा त्यात घातलेल्या रंगद्रव्याचा असतो. ग्लायकॉल स्वतः वर्णहीन आहे. फार काळ बहुतेक शीतके हिरवी असत व त्यांत सिलिकेट, फॉस्फेट यांसारखी अकार्बनी संरक्षकद्रव्ये असत. १९९० नंतरच्या दशकात जनरल मोटर्सने कार्बनी आम्लांवर आधारलेले नारिंगी ‘डेक्स-कूल’ प्रचारात आणले. त्यानंतर गुलाबी, निळी, पिवळी अशी अनेक शीतके बाजारात आली. आणि रंगांविषयी सर्वमान्य आंतरराष्ट्रीय नियम नसल्याने एकाच रंगाच्या दोन बाटल्यांत भिन्न रसायने, तर भिन्न रंगांच्या दोन बाटल्यांत एकच रसायन असू शकते. भिन्न जातींची शीतके मिसळल्याने एंजिन तत्काळ बंद पडत नाही; पण संरक्षकद्रव्यांचे आयुष्य घटते आणि काही संयोगांत साका जमून रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद होतात. म्हणजे आज झालेली मिसळ वर्षा-दोन वर्षांनी अतितापनाच्या रूपाने प्रकट होते, आणि तोवर तिचे स्मरण कोणास राहत नाही. बाटलीवरील मानकाचा उल्लेख वाचणे व तो मोटारीच्या नोंदवहीत लिहून ठेवणे, हाच यावर उपाय होय.

६. एक उदाहरण

दाब, वेळ व जमाखर्च यांचे महत्त्व पटविणारे एक बहुचर्चित उदाहरण अमेरिकेतील आहे. निसान कंपनीच्या २००५ ते २०१० या वर्षांच्या पाथफाइंडर, एक्सटेरा व फ्रंटियर या वाहनांत स्वयंचलित गिअरपेटीचे तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसविलेला होता. ही रचना सोयीची असून अनेक उत्पादकांनी वापरलेली आहे. तीत गिअरचे तेल व शीतक यांच्यात एका पातळ धातूच्या भिंतीचेच अंतर उरते. या वाहनांपैकी काहींत कूलर निकामी होऊन शीतक गिअरपेटीत शिरले. गिअरचे तांबडे तेल व शीतक यांच्या मिश्रणास आलेला दुधाळ गुलाबी रंग तेथील वाहनधारकांत कुप्रसिद्ध झाला. उत्पादकांनी संबंधित भागांच्या हमीची मुदत वाढविली. ग्राहकांचे सामूहिक दावेही न्यायालयात गेले.

निदानाच्या दृष्टीने या प्रकरणाचे मर्म असे की, पहिले लक्षण दोषस्थानापासून दूर प्रकट झाले. मध्यम वेगात वाहन थरथरू लागे. एंजिनाचा काटा मात्र पुष्कळदा यथास्थित असे. साहजिकच गिअरपेटीचा संशय येई. स्वयंचलित गिअरपेटीतील क्लचच्या घर्षणपट्ट्या कागदासारख्या तंतुमय द्रव्याच्या असून त्या गोंदाने चिकटविलेल्या असतात. पाणी व ग्लायकॉल त्या द्रव्यास फुगवितात व गोंदाची पकड सोडवितात. म्हणून गिअरपेटी दुरुस्त केली आणि रेडिएटर तसाच ठेवला, तर नवी गिअरपेटीही त्याच मार्गाने जाणार. याउलट थरथर जाणवताच विस्तारटाकीतील पातळी पाहिली, तर जमाखर्चातील तूट दिसते. वाहन उभे असताना गिअरतेलाचा दाब शून्य आणि तप्त शीतकाचा दाब कायम, ही उतरण ध्यानी घेतली की तूट कोठे गेली हेही कळते. अनेक वाहनधारकांनी रेडिएटरमधील कूलर वगळून हवेने थंड होणारा स्वतंत्र कूलर बसविला. त्यात दोन द्रवांमधील सामाईक भिंतच नाहीशी होत असल्याने तो उपाय कारणावरचा होता.

७. परीक्षांचा क्रम

वरील विवेचनातून परीक्षांचा क्रम आपोआप निघतो. प्रथम ज्यांस काहीच सोडावे लागत नाही अशा परीक्षा. नंतर ज्यांस उपकरण लागते अशा. आणि हेड उतरविणे सर्वांत शेवटी.

एंजिन पूर्ण थंड असताना सर्व द्रवांच्या पातळ्या मोजून लिहाव्यात. त्यानंतर हातपंपाने शीतनव्यवस्थेस झाकणावर लिहिलेला दाब देऊन तो टिकतो की घसरतो हे पाहावे. त्याच पंपाने झाकणाचीही परीक्षा होते. दाब घसरतो पण बाहेर कोठेच ओल नाही, तर गळती आत आहे. ज्वलनवायूच्या शोधासाठी ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाचा निळा द्रव वापरतात. चालू एंजिनाच्या रेडिएटरवरील हवा त्यातून ओढली असता, तीत कार्बन डाय-ऑक्साइड असल्यास द्रव पिवळा होतो. पिवळा रंग हा भक्कम पुरावा होय. परंतु निळाच राहिला म्हणजे गॅस्केट निर्दोष, असे मात्र नव्हे, कारण काही भेगा भाराखालीच उघडतात. तेलातील पाण्यासाठी तप्त तव्याची परीक्षा सोपी आहे : सुमारे १५० अंशांच्या तव्यावर तेलाचा थेंब टाकला असता तो तडतडला, तर त्यात पाणी आहे. पाणी उडून गेले असले तरी शीतकातील सोडियम, पोटॅशियम वा बोरॉन तेलात मागे राहतात. प्रयोगशाळेतील विश्लेषणाने ते सापडतात. शेवटी सिलिंडरांचा दाब मोजावा. लगतच्या दोन सिलिंडरांत तो सारखाच कमी आढळला, तर त्यांच्यामधील गॅस्केट तुटल्याचा तर्क सबळ होतो.

हेड उतरविल्यावरही प्रश्न संपत नाही. अतितापनाने गॅस्केट फुटते आणि फुटलेल्या गॅस्केटने अतितापन होते. तेव्हा आधी काय झाले, हे ठरवावे लागते. ४०० मिलिमीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे हेड तापमान १०० अंशांनी वाढल्यास सुमारे ०.९ मिलिमीटर लांबते. त्याखालील ओतीव लोखंडाचा ठोकळा त्याच्या निम्म्यानेच लांबतो. हेड बोल्टांनी आवळलेले असल्याने प्रमाणाबाहेर तापल्यास ते वाकते. हेडच्या सपाटपणात चालणारी चूक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वा त्याहूनही कमी असते, हे पाहता नवे गॅस्केट वाकलेल्या हेडाखाली का टिकत नाही, हे वेगळे सांगावयास नको. आणि हेड सपाट करून घेतले, पण ज्या चोंदलेल्या रेडिएटरमुळे वा बंद पंख्यामुळे ते वाकले तो तसाच राहिला, तर सारा खर्च पुन्हा करावा लागतो.

या क्रमात थंड एंजिनाची अट घातली आहे, ती केवळ सोयीसाठी नव्हे. १२० अंशांच्या पाण्यावरील दाब झाकण उघडून एकदम काढला, तर ते पाणी १०० अंशांवर येईपर्यंत उकळते. ७ किलोग्रॅम पाण्यापैकी सुमारे पाव किलोग्रॅमची तत्क्षणी वाफ होते, आणि त्या वाफेचे आकारमान ४०० लिटरहून अधिक भरते. ती झाकणावर झुकलेल्या माणसाच्या हाता-तोंडावर येते. तापलेल्या एंजिनात गार पाणी ओतणेही तितकेच अनिष्ट; विषम आकुंचनाने धातूला तडा जाऊ शकतो. एंजिन बंद करून, ते हाताला सोसवेल इतके निवेपर्यंत थांबणे, यावाचून गत्यंतर नाही.

सारांश, चढलेला काटा, दुधाळ तेल, पांढरी वाफ व तेलकट पाणी यांपैकी कोणतेही लक्षण एकटे घेतले असता एकाहून अधिक कारणांशी सुसंगत असते. ती सर्व दाबाच्या उतरणीवर व द्रवांच्या जमाखर्चात मांडली म्हणजे मात्र असंगत कारणे एकेक करून गळून पडतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ऊष्मागतिकी व द्रवयामिकी हे विषय स्वतंत्रपणे शिकविले जातात. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या तप्त मोटारीपाशी त्या दोहोंची एकाच वेळी परीक्षा होते. तेथे महागड्या उपकरणाआधी कामास येते ती पातळ्या मोजून लिहिण्याची सवय, आणि जे लिहिले त्याच्याशी न जुळणारा निष्कर्ष नाकारण्याची शिस्त.